सोळाशे किलोमीटर आणि पोळीचा तुकडा

माझी धाकटी बहीण बँकॉकहून आली, की आई तिला कोलकात्यातल्या आमच्या बेहाल्याच्या घरी दारातच थांबवायची. पोळीचा तुकडा आणि पाणी तिच्यावरून ओवाळून टाकायची, डोळ्यांना पाणी लावायची आणि मगच आत घ्यायची. लांबून आलेल्या माणसाची दृष्ट काढायची ही आमच्या घरची रीत. मी पुण्याहून आले की दार नुसतं लोटलेलं असायचं. आत शिरावं तर आई ओट्यापाशी पाठमोरी. "आलीस? दूध बघ जरा, उतू जाईल."

माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा बोललेच.

"अगं, ती परदेशातून येते," आई म्हणाली. "पुणं काय, आपलंच."

आई कोलकात्यात जन्मली, इथेच वाढली, इथेच म्हातारी झाली. पुण्यात ती लग्नकार्यापलीकडे कधी राहिलेली नाही. तरी पुणं आपलं, म्हणून मी जवळची! बहीण परदेशात, म्हणून तिला तुकडा!

मग मी हट्टाने फोनवर दोन्ही अंतरं शोधली. पुण्याहून कोलकाता विमानाने साधारण सोळाशे किलोमीटर. बँकॉकहूनही साधारण तेवढंच, पन्नास-साठ किलोमीटर इकडेतिकडे. दोन्हीकडून अडीच-पावणेतीन तास. पुढे विमानतळ ते बेहाला हा टॅक्सीतला वैताग तर दोघींना सारखाच. मला इतका आनंद झाला, की ऑफिसात एकटीच हसले.

पुढच्या खेपेला फोनवरचा नकाशा आईच्या नाकासमोर धरला. तिने चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

"खरंच की गं," ती म्हणाली. "म्हणजे दोघीही लांबच."

तिचा चेहरा उतरला होता. ते मला दिसलं, पण जिंकल्याच्या तोऱ्यात मी तिकडे काणाडोळा केला.

गेल्या दुर्गापूजेच्या सुट्टीत पुन्हा गेले. बहीण पंधरा दिवस आधीच येऊन राहिली होती. या वेळी दार बंद होतं, बेल वाजवावी लागली. आई तुकडा-पाणी घेऊनच आली. मी उंबऱ्याबाहेर मान ताठ करून उभी राहिले आणि तिने सावकाश, अगदी रीतसर ओवाळलं. मग मला सोफ्यावर बसवलं. ठेवणीतल्या काचेच्या ग्लासात पाणी दिलं. मी सवयीने ओट्याकडे जायला उठले.

"राहू दे गं, बस तू. लांबून आलीस."

ती आत गेली आणि लगेच तिचा आवाज चढला. "कढी फुटली ना! ढवळत राहा म्हटलं होतं. लक्ष कुठे असतं तुझं?" बहीण खिदळत काहीतरी उलट बोलली. आईने तिला आणखी झापलं.

मी तो ग्लास हातात धरून सोफ्यावर बसून राहिले. पूर्वी कधी वाटला नव्हता इतका मला तिचा हेवा वाटला.