जगाचो वांटो

चार माणसं जगाचं भलं करायला एकत्र बसली की भलं होतं की नाही ते देव जाणे, किस्से मात्र होतात. आमच्या मंडळाचे तर इतके झाले की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच डोकं वर काढतो. आता ती माणसं राहिली नाहीत, म्हणून म्हटलं मीच सांगून टाकावेत.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच होता. गाव मालवणच्या दक्षिणेला, समुद्राला अगदी खेटून. मी तिथल्या शाळेत शिकवायचे. हेडमास्तर सामंत गुरुजींकडे मुंबईचा पेपर यायचा, तोही शिळा होऊन. तो वाचून गुरुजींना झोप लागायची नाही, आणि ती आम्हालाही लागू नये म्हणून त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी 'जगाची ओळख' नावाचं मंडळ सुरू केलं. भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला. कुठे पूर आला, कुठे दुष्काळ पडला, कुठून माणसं घरदार सोडून पळाली, ते गुरुजी छडीने दाखवायचे आणि मग आपण काय मदत करायची यावर चर्चा व्हायची. सेक्रेटरी मी. माझा स्वभाव असा, की दुधावर साय धरली नाही तरी मला काळजी वाटते. गुरुजींनी नेमकं मलाच निवडलं.

न चुकता येणारी आणखी दोन माणसं. एक बाबल तांडेल, गावच्या रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, प्रमुख. दुसरी गंगाबाय. तिचा नवरा मुंबईला गिरणीत असताना तापाने गेलेला आणि एकुलता एक मुलगा, तिच्या बोलीत झील, वसंत, मालवाहू बोटीवर खलाशी. गंगाबायला अक्षरओळख नव्हती, पण वसंताची बोट लागते ती सगळी बंदरं तिला ओळीने पाठ होती. ती उंबऱ्यापाशी बसायची. गुरुजींची छडी कुठेही थांबली की तिचा एकच प्रश्न असायचा, "थंय आमची बोट लागता काय?"

नाही म्हटलं की ती खुशाल पान लावायला घ्यायची. मग पुढचा सगळा दुष्काळ ती शांतपणे ऐकून घेई.

* * *

पहिल्याच महिन्यात गुरुजींनी एका देशाची माहिती सांगितली. तिथे समुद्र बांध फोडून आत शिरला होता आणि गावंच्या गावं पाण्याखाली गेली होती. गुरुजी सांगत होते ते तिकडच्या लोकांना कपडे पाठवावेत म्हणून. ऐकणाऱ्यांनी त्यातून एवढंच घेतलं, की समुद्र आत येतो.

पुढच्या पुनवेला भर दुपारी मोठी भरती होती. सकाळपासून वाडीतल्या बायका भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारी माणसं घेऊन टेकडीवरच्या शाळेकडे निघाल्या. लोकांना उगाच घाबरवलं म्हणून आता वरून चौकशी येणार, मंडळ बंद होणार, माझी बदली होणार, असं सगळं वाटेतच डोळ्यांपुढे आलं. गुरुजींनी सर्वांची समजूत घालावी म्हणून मी धावत शाळेत गेले.

गुरुजी आधीच व्हरांड्यात बसले होते. शेजारी त्यांची ट्रंक होती.

* * *

मग परदेशातून शाळेतल्या मुलांसाठी दुधाची पावडर आली. जगात कुणीतरी आपल्या मुलांचा विचार करतंय याचं गुरुजींना भरून आलं. आयांना मात्र धास्ती. पांढरी पूड, पाण्यात कालवायची आणि तिला दूध म्हणायचं! आमच्या देखत तुम्ही प्या म्हणाल्या, मी प्याले. पण वर्गातली मुलं पेले तसेच ठेवून घरी जात. शेवटी गंगाबायने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं.

"ज्या गायचा तोंड बघूक नाय, तिचा दूध पोरांका कसा देवचा?"

गुरुजींनी रात्रभर विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर खडूने मोठी परदेशी गाय काढली, चांगली धष्टपुष्ट, आणि आयांना बोलावून दाखवली. बायकांनी ती नीट निरखली. एकीने पुढे होऊन तिला हळदकुंकू लावलं. मुलं त्या दिवसापासून दूध प्यायला लागली, पण फळा पुसायला कुणी धजेना. तो आठवडा मी गणित तोंडीच घेतलं.

* * *

थंडीच्या देशातल्या निर्वासितांसाठी गरम कपडे गोळा करायचं ठरलं. आमच्या किनाऱ्यावर गरम कपडा म्हणजे काय ते शोधावं लागतं. बाबल तांडेलांनी पावसात वापरायची आपली घोंगडी दिली. देऊन झाल्यावर त्यांची झोप उडाली. घोंगडीला माशांचा वास होता. त्यांनी ती परत नेऊन धुतली, पुन्हा आणली, पुन्हा हुंगली, पुन्हा नेली. मुंबईला पाठवायचं गाठोडं शिवायला घेतलं तेव्हा ते हातात केळीच्या पानाची पुडी घेऊन आले.

"बाईनू, वास काय जाणा नाय. ह्ये चार सुके बांगडे पण घाला आत. वास कसलो तो तरी तेंका कळांदे."

मी घातले. त्यानंतर कितीतरी दिवस मला स्वप्नात बर्फात उभा असलेला एक माणूस दिसायचा, घोंगडी पांघरलेला आणि हातात सुका बांगडा धरून विचार करणारा. गाठोडं त्याच्यापर्यंत पोचलं की नाही ते आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही पाठवलेल्या कशाचंच कळायचं नाही. गुरुजी म्हणत, पोचलं असणार. पण म्हणताना माझ्याकडे बघत नसत.

* * *

झाडं तुटून जगभर जमिनी उजाड होतायत, वारा माती उडवून नेतोय, हे गुरुजींनी सांगितल्यावर आम्ही किनाऱ्याच्या वाळूवर सुरूची रोपं लावली. बकऱ्यांनी ती खायला सुरुवात केली. बाबल तांडेलांनी रापणीचं जुनं जाळं आणून रोपांभोवती बांधलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या भिकाजीचं वासरू त्यात अडकलं. तांडेलांनी गंभीर चेहऱ्याने निवाडा दिला, की जाळ्यात जे गावतं, म्हणजे मिळतं, ते सगळ्या रापणकरांचं.

थट्टाच होती. पण भिकाजी त्यानंतर रोज उजाडायच्या आत जाळं तपासून जाऊ लागला. त्याच्या येण्याजाण्याने बकऱ्या यायच्या बंद झाल्या आणि सुरू जगले.

* * *

आता रापणीचंच सांगते. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात गोल सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडून पन्नास-साठ माणसं ते ओढतात. मासळी वर आली की वाळूवर तिचे ढीग घालतात, ते वांटे. आमच्या रापणीचा नियम साधा होता. दोराला हात लावील त्याला वांटा. बोटीवर गेला, त्याचा बंद. आणि रापणकरांपैकी कुणी समुद्रात बुडून गेला, तर त्याच्या घराला कायमचा अर्धा वांटा.

गुरुजींनी तांडेलांना विचारलं, की शनिवारच्या ओढीला एक वांटा जगातल्या संकटात सापडलेल्यांसाठी घालाल का? वाळूवरच त्याचा लिलाव करू आणि पैसे पाठवू. तांडेल विचारात पडले. द्यायला ना नव्हती, पण त्या लोकांनी दोराला हात लावलेला नव्हता.

पुढच्या शनिवारी गुरुजी धोतर खोचून दोराला लागले. तळहात सोलून निघाले, सोमवारी खडू धरता येईना. पण त्या दिवसापासून रांगेच्या शेवटी एक ढीग जास्तीचा पडू लागला. त्याला सगळे 'जगाचो वांटो' म्हणत.

* * *

आणि मग त्या वर्षी थंडीत एका दूरच्या बंदरात भूकंप झाला. पेपरात नाव वाचलं आणि मी ते पुन्हा वाचलं. गंगाबाय म्हणून दाखवायची त्या बंदरांतलंच ते एक. आणि वसंताची बोट त्याच सुमारास तिथे लागायची होती.

गुरुजींनी मुंबईच्या बोटकंपनीकडे तार करून चौकशी केली. उत्तर येईपर्यंत तिला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. शनिवारी विषय घेतला पिण्याच्या पाण्याची स्वच्छता. नकाशा समोर असला तर आपली नजर तिकडे जाईल म्हणून गुरुजींनी तो आधीच काढून आत ठेवला. गंगाबाय आली, उंबऱ्यापाशी बसली, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिली. गुरुजी पाणी उकळण्यावर बोलत होते. ती मध्येच उठली.

"गुरुजीनू, नकाशो काढलात. म्हणजे आमचीच बोट."

मी तिच्याबरोबर घरापर्यंत गेले. वाटेत ती बंदरांची नावं पुटपुटत होती, त्या एका नावाशी अडकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

कंपनीकडून उत्तर आलं, की तिकडच्या तारा बंद आहेत, काही कळत नाही. गावातल्या बायका गंगाबाय दिसली की बोलणं थांबवू लागल्या. मी तर पोस्टमनची सायकल दिसली की वाट बदलायचे. असे दोन शनिवार गेले.

तिसऱ्या शनिवारी रापणीला बांगडा भरून आला. तांडेल वांटे घालत रांगेने पुढे गेले. जगाचा वांटा घातला, आज तो त्या भूकंपवाल्यांना जायचा होता. मग ते थांबले, पाटीतली उरलेली मासळी खाली ओतली आणि त्याचा एक अर्धा ढीग घातला. बोटीवर जायच्या आधी वसंत त्यांच्याच दोरावर असायचा. घरात मिळवतं कुणी नाही, पोरीसारखी बाई उपाशी राहू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी गंगाबायला हाक मारली.

ती पुढे आली आणि तो ढीग बघून जागच्या जागी उभी राहिली. अर्धा वांटा कुणाच्या घराला घालतात ते तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. तांडेलांच्या तेव्हा लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

गंगाबाय खाली बसली. ओंजळीने एकेक करून तिने ते सगळे बांगडे उचलले आणि शेजारच्या, जगाच्या वांट्यावर नेऊन घातले. पदराला हात पुसले.

"ज्यांची माणसां गेली, तेंका धाडा. माजो झील आसा."

त्या दिवशीचा लिलाव नेहमीसारखा झाला नाही. लोक दुप्पट बोली लावत होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मुंबईहून तार करून वसंत शिमग्याच्या आधी आला. आगबोटीने मालवण बंदरात उतरला तेव्हा आम्ही सगळे धक्क्यावर होतो. भूकंप झाला तेव्हा त्याची बोट बंदराबाहेर नांगरून होती. मग सगळे खलाशी किनाऱ्यावर उतरून दगडमाती उपसत होते, तंबू ठोकत होते, माणसांना पाणी वाटत होते. हे तो सांगत होता आणि गंगाबाय त्याच्या दंडावरून हात फिरवत ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. त्याचं सांगून संपल्यावर तिने विचारलं,

"थंयच्या लोकांका आमचे बांगडे गावले काय रे?"

वसंताला मंडळाचं, वांट्याचं, कशाचंच काही ठाऊक नव्हतं. त्याने गुरुजींकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. तांडेल समुद्राकडे बघायला लागले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सेक्रेटरी, समजावून सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

वसंताने आईकडे वळून सांगितलं, "गावले गो आये. सगळ्यांका गावले."