मुळेबाई आणि एक-सहा-आठ-चार-सात

देवळाली प्रवरात मुळेबाईंचं घर विचारलंत तर चहावाला आधी हातातला चहा गाळून घेतो आणि मग विचारतो, "कोन, काट्यावरच्या का रेल्वेवाल्या?" दोन्ही एकच. शोभाताई मुळे, वय बासष्ट, सुती साडी, पायात पांढरे बूट, डोक्यावर उन्हाची टोपी आणि गळ्यात वीतभर लेन्सचा कॅमेरा. गावात कुणाकडे पाहुणे यायचे असले की गाडी कितपत उशिरा आहे हे लोक मोबाईलला विचारत नाहीत, बाईंना विचारतात.

आता हा नाद त्यांना लागला कसा, ते सांगायला हवं. बाईंचे यजमान साखर कारखान्यात कारकून होते. ते अचानक गेले तेव्हा बाई तिशीतल्या, मुलगी मनवा दोन वर्षांची. कारखान्याने यजमानांच्या जागी बाईंना घेतलं आणि वजनकाट्यावर बसवलं. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की खिडकीतून त्याचा नंबर वाचायचा आणि पावतीवर लिहायचा, एवढंच काम. तिसऱ्याच दिवशी बाईंच्या हातून दोन आकडे उलटसुलट झाले आणि एका शेतकऱ्याचा दिवसभराचा ऊस भलत्याच्याच नावावर चढला. तो माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "बाई, तुमचं दुख मोठं हाय, मला ठावं हाय. पन आकडा माजा हुता."

त्या संध्याकाळी बाई सायकल धरून रेल्वे फाटकाशी उभ्या होत्या. डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. समोरून पॅसेंजर गेली आणि काय मनात आलं कोण जाणे, बाईंनी इंजिनाचा नंबर वाचला आणि पेनाने तळहातावर लिहिला. एक-सहा-आठ-चार-सात. पळत्या इंजिनाचा नंबर अचूक वाचता आला, तर उभ्या ट्रॅक्टरचा चुकायची काय बिशाद! मग रोज फाटक, रोज गाडी, रोज नंबर. पुढच्या अठ्ठावीस वर्षांत बाईंचा काट्यावर एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही. सराव म्हणून धरलेल्या गोष्टीची गोडी कधी लागली, हे त्यांनाही सांगता येत नाही.

अशा सतरा वह्या भरल्या. निवृत्त झाल्यावर मनवाने कॅमेरा घेऊन दिला, तेव्हा बाईंनी सगळ्या वह्यांत 'फोटो' असा एक रकाना वाढवला. जुनं इंजिन पुन्हा दिसलं की फोटो काढायचा आणि रकान्यात बरोबरची खूण करायची. पण पहिल्या वहीतल्या पहिल्या ओळीचा रकाना कोराच होता. एक-सहा-आठ-चार-सात कॅमेरा आल्यापासून एकदाही तावडीत सापडलं नव्हतं.

आणि एक गंमत. अकरा हजार फोटो काढलेल्या या बाईंचा स्वतःचा एक फोटो घरात नव्हता. गेल्या महिन्यात नात ईराला शाळेत घरच्या माणसांचा तक्ता करायचा होता. मनवाने पुण्याहून फोन केला, "आई, तुझा एखादा चांगला फोटो पाठव." बाईंनी कारखान्याच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला. त्यात त्या पोलिसांना हव्या असलेल्या बाईसारख्या दिसत होत्या.

तर झालं असं, की एका मंगळवारी सकाळी श्रीरामपूरच्या रज्जाकभाईंचा फोन आला. रज्जाकभाईंची स्टेशनबाहेर फळांची गाडी आहे आणि वेड बाईंच्याच जातीचं.

"ताई, उभ्या असाल तर बसून घ्या. तुमची म्हातारी येतीय."

"कोण म्हातारी?"

"एक-सहा-आठ-चार-सात! बंद पडलीय, मालगाडीला बांधून भंगारात चालवलीय. दुपारनंतर इकडनं निघंल. मी कळिवतो."

बाईंनी गॅसवरची डाळ तशीच बंद केली. बत्तीस वर्षांची ओळख, आज शेवटची भेट, आणि तीही भेट हुकली तर तो रकाना जन्माचा कोरा. साडेतीनलाच त्या स्कुटीवरून गावाजवळच्या चिंचमळा स्टेशनात हजर झाल्या. फलाटाचं तिकीट काढलं आणि फलाटाच्या टोकाला, जिथे दुहेरीकरणाच्या कामामुळे गाड्या सावकाश येतात, तिथे जाऊन उभ्या राहिल्या. छाती अशी धडधडत होती, की त्यांनाच हसू आलं.

एरवी तिथल्या पोर्टरपासून सगळे त्यांना ओळखायचे. पण त्या दिवशी रेल्वे सुरक्षा दलाचे नवे फौजदार तपासणीला आले होते, आणि साहेब नवे आले की शिपायाच्या अंगात नको तितकी हुशारी येते. बजरंग नावाचा तो शिपाई थेट बाईंपुढे येऊन ठाकला.

"ओ मावशी, फोटो कशाचे काढताय?"

"इंजिनाचे."

"कशापायी?"

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला, प्लास्टिकमध्ये घालून घेतलेला. तीन अर्ज केल्यावर रेल्वेच्या एका कचेरीतून त्यांना ते उत्तर आलं होतं : स्वतःच्या हौसेसाठी, फलाटाचं तिकीट काढून, फलाटावरून छायाचित्र घेण्यास हरकत नसावी.

बजरंगने ते दोनदा वाचलं. "नसावी म्हंजे? नक्की न्हाई ना?" तेवढ्यात त्याची नजर वहीवर गेली. पानंच्या पानं नंबर, तारखा, गाडी आली किती वाजता, गेली किती वाजता. बजरंगचे डोळे मोठे झाले. पाच मिनिटांत बाई, वही आणि कॅमेरा असे तिघंही फौजदारांच्या टेबलापुढे होते.

फौजदार सहादेव खरात जामखेडचे. माणूस भला, पण रेल्वेचं प्रेम मुळीच नाही. "आमच्या जामखेडला रेल्वेच न्हाई, बाई. मी आगगाडी पयली बघितली ती भरतीच्या परीक्षेला जाताना, आन तीबी चुकली." त्यांनी कागद वाचला, वही चाळली, बाईंच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं आणि एकंदर प्रकरण काय आहे ते ओळखलं. त्यांना ते लवकर मिटवायचं होतं. पण बजरंगने उत्साहाच्या भरात वरच्या कचेरीला आधीच फोन करून ठेवला होता, त्यामुळे काहीतरी लेखी देणं भाग होतं.

इतक्यात टेबलावरचा बाईंचा मोबाईल वाजला. खरातांनी तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"ताई, म्हातारी सुटली!" रज्जाकभाई ओरडले. "अर्ध्या तासात तुमच्याकडं! ह्या बारीला सोडू नका तिला!"

बजरंगने साहेबांकडे असं पाहिलं, की बघा, मी म्हणत नव्हतो?

"इंजिन आहे ते," बाई घाईघाईने म्हणाल्या, आणि मग त्यांनी तळहातापासून रकान्यापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. खरातांनी पंख्याकडे बघत ऐकून घेतलं.

"असं करा," ते म्हणाले. "मी जबाब लिवतो, तुमी सही करा, कॅमेरा घ्या, आन जावा तुमच्या म्हातारीला भेटायला. पाच मिन्टाचं काम."

कार्बन घालून त्यांनी तीन प्रतींत लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'सदर महिला ही निवृत्त असून इंजिन क्रमांक १६८७४ चा फोटो हौसेखातर काढणेकामी आली होती. संशयास्पद काही आढळले नाही.'

झालं. कुणाही शहाण्या माणसाने इथे डोळे मिटून सही ठोकली असती. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. बाईंनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"साहेब, आकडा चुकलाय. आठ-चार-सात. तुम्ही आठ-सात-चार लिहिलंत."

"अवो, स्टेशनात निरोप आलाय त्यात हाच नंबर हाय. बघा."

खरंच, निरोपाच्या चिठ्ठीत तेच लिहिलेलं होतं. बाईंनी मान हलवली. "१६८७४ गेल्याच्या गेल्या वर्षी मोडीत निघालं. सोळाव्या वहीत आहे. हा निरोप लिहिणाऱ्याने आकडे उलटे केलेत."

"मंग काय बिघडलं? तुमी सुटताय ना!"

"माझ्या सहीखाली चुकीचा नंबर जाणार नाही, साहेब."

"मी खोडून लिवतो."

"खाडाखोड चालते का जबाबात?"

खरातांनी पेन आपटलं. खाडाखोड चालत नव्हती, आणि निरोपात लिहिलेलं सोडून एका बाईच्या सांगण्यावरून दुसराच नंबर लिहायलाही ते धजावेनात. "सही न्हाई तर कॅमेरा न्हाई," ते म्हणाले आणि कॅमेऱ्याचा पट्टा त्यांनी स्वतःच्या मनगटाला गुंडाळला.

सही केली तर फोटो मिळत होता, रकाना भरत होता, सगळं मिळत होतं. नुसते दोन आकडे! पण बाईंना खिडकीशी उभा असलेला तो शेतकरी दिसला आणि हात काही पेनाकडे जाईना. आपण मूर्ख आहोत हे त्यांना स्वच्छ कळत होतं. चार पस्तीस झाले.

"साहेब," त्या एकदम म्हणाल्या, "माझं खरं की चिठ्ठीचं, ते इंजिनालाच विचारा की. आत्ता येईल ते. तुम्हीच फोटो काढा. पुरावा होईल."

खरात थांबले. पुरावा म्हटल्यावर पोलिसाचा कान टवकारतोच. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि टोपी डोक्यावर चढवली. "चला. पन कॅमेऱ्याला तुमी हात लावायचा न्हाई. तो माज्या ताब्यात हाय."

मग फलाटावर जे सुरू झालं ते बघायला पोर्टरसुद्धा कंदील पुसायचं सोडून आला. बाई दोन्ही हात पाठीशी बांधून धावतपळत शिकवत होत्या. "हे बटण अर्धं दाबा. अर्धं हो! आता पूर्ण. दाबूनच ठेवा, एकामागून एक निघतील. पुढे नवं विजेचं इंजिन असेल, त्याचं काढू नका. त्याच्या मागचं, काळपट. नंबर ड्रायव्हरच्या खिडकीखाली."

"अवो, पन दिसतंय वाकडं!"

"तुम्ही वाकडे उभे आहात, साहेब!"

बजरंग हसला आणि लगेच गंभीर झाला. सिग्नल हिरवा झाला होता. रूळ आधी बारीक आवाजात बोलायला लागले, मग लांबवर उसाच्या शेतांच्या वर दिवा दिसला, आणि खरातांनी कॅमेरा डोळ्याला लावला. भरतीच्या दिवशी हुकलेली गाडी आज सापडल्यासारखे ते पाय रोवून उभे राहिले.

"पिवळ्या रेषेच्या मागं!" ते बाईंवर ओरडले, आणि स्वतः रेषेवर उभे होते म्हणून बजरंगने साहेबांनाच मागे ओढलं.

आली! पुढे नवंकोरं विजेचं इंजिन, आणि त्याच्या मागे बांधलेली म्हातारी. काचा फुटलेल्या, रंगाचे पोपडे गेलेले, छपरावर जुन्या धुराची काजळी. गाडी संथ चालीने फलाटात शिरली. बाईंची नजर खिडकीखाली गेली, जशी ती बत्तीस वर्षांपूर्वी गेली होती, आणि त्यांच्या तोंडून जोरात निघालं, "एक! सहा! आठ! चार! सात!"

त्यांचा हात आपोआप वर गेला. पदर उडाला, टोपी पडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मागे कॅमेरा कडकड वाजत होता आणि त्याहून मोठ्याने फौजदार ओरडत होते, "चार-सात हाय! बजरंग, चार-सातच हाय रे! बाई जितल्या!"

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. खरात धापा टाकत होते, जणू गाडी त्यांनीच ढकलली होती.

खोलीत आल्यावर त्यांनी तिन्ही प्रती फाडल्या आणि नवा कागद घेतला. नंबर लिहिला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. पुढे 'फोटो काढणाऱ्याचे नाव' असं लिहिलं आणि पेन थांबलं.

"साहेब," बजरंग हळूच म्हणाला, "फोटो तर तुमी काढला."

खरातांनी त्याच्याकडे एक जळजळीत नजर टाकली, मग ते इतके हसले की खुर्ची करकरली. तोही कागद फाटला. "वरच्या कचेरीला सांगतो, बाई रेल्वेचीच जुनी वळखीची हाय म्हनून. खोटं हाय का?" त्यांनी पट्टा सोडून कॅमेरा दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. "ताई, म्या काढलेलं तेवढं बगा बरं कसं आलंय."

त्यांनी तेवीस फोटो काढले होते. सहा फलाटाच्या फरशीचे, चार विजेच्या इंजिनाचे, एक बजरंगच्या कानाचा. बाकीचे नुसते पुसट. कामाचा एकच. त्यातही इंजिन अर्धंच सापडलेलं, छप्पर कापलेलं, पण खिडकीखालचा नंबर लख्ख. आणि बाकीची सगळी जागा एका बाईने व्यापलेली, हात वर, केस विस्कटलेले, तोंड उघडं, डोळे चमकणारे.

संध्याकाळी बाईंनी पहिली वही काढली, पहिल्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि तो फोटो मनवाला पाठवला. मिनिटभरात फोन आला.

"आई, हेच का ते इंजिन? अगं, अर्धंच आलंय की!"

"असू दे," बाई म्हणाल्या. "मी अख्खी आलेय. ईराच्या तक्त्यात लावून टाक."