क्रमानं सांगा, मावशी

सिल्वासाला मी आले ती नवऱ्याच्या नोकरीमागून, त्याच्या सामानातली एखादी ट्रंक असावी तशी. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. कारखान्यांना करमाफी, त्यामुळे रोज नवी शेड उभी राहायची आणि आमच्या आमली भागात धुळ्या-जळगावकडची नवी माणसं उतरायची. मी कायदा शिकलेली, विद्यापीठाच्या कायदा केंद्रात मानवी हक्कांवर संशोधन केलेली, आणि आता कुकरची शिट्टी कधी होते त्याची वाट बघत बसलेली. म्हणून केंद्रातल्या माझ्या मॅडमनी जेव्हा कळवलं, की स्थलांतरित कामगारांचा अभ्यास करायला विद्यार्थी घेऊन येतेय, तेव्हा मला कोण आनंद झाला!

आमच्या गल्लीच्या टोकाला एक खानदेशी बाई राहायची. तिला सगळे मावशीच म्हणत. तिचा एकुलता एक मुलगा, नुकतं मिसरूड फुटलेला, ठेकेदारामार्फत एका रसायनाच्या कारखान्यात लागला होता. टाकी साफ करायला आत उतरवलं, तो वाफेनं गुदमरून आतच गेला; डबा घेऊन गेलेल्या मावशीनं ते डोळ्यांनी पाहिलं. कारखान्यानं हात वर केले. हा आमचा कामगारच नव्हे, भिंत चढून चोरीला आला आणि टाकीत पडला, म्हणे. ठेकेदार पसार झाला. मावशीचं मागणं एकच होतं.

"मना पोऱ्या चोर नव्हता, हाई त्यासनी मना तोंडवर सांगाले पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, केस करू. त्या नुसत्या बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, हे आधीच सांगते. वकील त्यांनी उभा केला, वापी स्टेशनवरून जीपनं धूळ खात दर खेपेला स्वतः यायच्या. पहिल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर लावून बसल्या. मावशीचं आजोळ आणि माझं आजोळ जवळजवळचं, तिची बोली मला कळायची, म्हणून दुभाषी मी. मावशीनं सुरुवात केली ती मुलगा पोटात होता तिथपासून. मॅडमनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मावशी, फक्त त्या दिवशीचं सांगा. क्रमानं."

मग त्यांनी समजावलं. समोरचा वकील दोन सांगण्यांमधला फरक हुडकणार. शर्ट एकदा निळा आणि एकदा हिरवा झाला की आपली केस गेली. म्हणून सांगायचं ते दर वेळी तेच आणि तसंच. मावशी शहाणी बाई, तिला लगेच पटलं. मलाही पटलं. कायद्याचा अभ्यास केलेल्या कुणालाही पटलं असतं.

तारखा पडत गेल्या. दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांची नवी तुकडी यायची. मुलं मनापासून काम करणारी होती, खांद्याला झोळ्या, डोळ्यांत पाणी. मावशीला समोर बसवून सराव घ्यायची आणि मग खानवेलचं जंगल बघून यायची. एक मुलगी फार मायेनं म्हणाली, "रडू आलं तर रडा, पण वाक्य पुरं करा." मावशी वाक्य पुरं करायला शिकली. पुढे पुढे रडू येईनासं झालं, तेव्हा सगळ्यांनी तिच्या धीराचं कौतुक केलं. माझ्या नवऱ्याला फॅक्टरीत टोमणे बसत होते, बायको कुणाच्या बाजूनं आहे म्हणून. मी म्हटलं, बसू देत.

शेवटी साक्षीचा दिवस आला. मावशी नवं लुगडं नेसून उभी राहिली आणि एकदाही न अडखळता सगळं सांगितलं. मध्येच शुद्ध मराठीत म्हणाली, "सुरक्षेची कोणतीही साधने पुरवण्यात आली नव्हती." मॅडमनी माझा हात दाबला. मग कारखान्याचा वकील उठला. आवाज मवाळ. एवढंच म्हणाला, की आजी, टाकीपासून परत सांगता का? तिनं सांगितलं. अजून एकदा? तिनं अजून एकदा सांगितलं. काना-मात्रा हलली नाही. तो न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "साक्ष पढवलेली आहे."

निकालातही तेच आलं. ज्या सारखेपणासाठी आम्ही तिला इतकी वर्षं घासलं, त्याच सारखेपणानं ती खोटी ठरली. पोरगा चोर तो चोरच राहिला. मॅडम अपिलाचं बोलत राहिल्या, पुढे तब्येतीनं त्यांना ते जमलं नाही. गरिबांच्या साक्षीवर न्यायालयं विश्वास का ठेवत नाहीत, यावर त्यांनी निबंध लिहिला. मी वाचला. चांगला होता, आणि तो वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कुणावर, ते मला आजही धड सांगता येत नाही.

निकालानंतर मावशी एका दुपारी आली. मी चहा टाकला. मला वाटलं, आता ही आम्हाला शिव्या घालेल, आणि तिनं घालाव्यात असं मला फार वाटत होतं. तिनं चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाली,

"ताई, आते माले तो याद येत नही. डोया मिटस तं मी सांगेल व्हतं तेच दिसस. ती टाकी, ती शिडी, तो शर्ट. तो नही दिसत."

मी तिचा कप परत भरला. 

"तुमनी तं मनं सगळं आयकेल शे," ती म्हणाली. "इतला वरीस. तो हासे कसा, हाई मी तुमले कधी सांगेल व्हतं का?"

तो टाकीत उतरला तेव्हा पायात काय होतं, हे मला पाठ होतं. शिडी कुठल्या बाजूला होती, हाक मारली तेव्हा वर कोण उभं होतं, बाहेर काढला तेव्हा उजवी मूठ मिटलेली होती, सगळं पाठ होतं. तो हसायचा कसा, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"नाही, मावशी," मी म्हटलं.

ती तरीही माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिली, मला आठवेल म्हणून.