राखेवर शिकलेलं पिल्लू

आमच्या अक्काला सोनपेठातले लोक दगड म्हणायचे. अक्का म्हंजे माझी थोरली जाऊ, चन्नबसम्मा. मी चिडून दगड म्हटलं तर गोष्ट निराळी, मी घरची हाय, एका चुलीवर तिच्यासंगं भाकरी थापलेली. पण ज्यांनी तिला कधी जवळून बघितली न्हाई, त्यांनी पारावर बसून तोंड वाजवायचं म्हंजे लयच झालं. म्हून सांगते.

तिचे मालक ईश्वरअप्पा, माझे थोरले भावजी. घरचं किराण्याचं दुकान होतं. मीठ-गूळ आणायला ते बैलगाडी घेऊन परळीला जायचे. निजामाचं राज्य, वाटेवर करोडगिरीचा नाका, तितं जकातीसाठी गाडी तासन्‌तास अडकून पडायची. एका खेपेला नाक्यावरच्या कुत्रीनं पिल्लं घातली होती. त्यातलं एक भावजींनी मिठाच्या रिकाम्या पोत्यात घालून आणलं नि अक्काच्या पदरात टाकलं. दुकानाला राखण होईल म्हणाले. राखण कसली, त्यांना पोरबाळ न्हवतं, तिचं मन रमावं म्हून आणलं होतं, मला कळत न्हाई का? अक्का त्या दिवशी हसली. पिल्लानं तिच्या मांडीवरच मुतलं तरी हसली.

तो ज्येष्ठ महिना होता. आठवडा झाला नसंल, गावात पटकीची साथ आली. सकाळी भावजींनी दुकान उघडलं, दिवस मावळायच्या आत ते गेले.

आमी लिंगायत. आमच्यात जाळत न्हाईत. माणसाला मांडी घालून बसवतात, त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या हातात देतात, अंगाभोवती विभूती नि बेलाची पानं भरतात, मग माती लोटतात. भावजींना आमच्याच शेताच्या कोपऱ्यात बसवलं. बायकांनी टाहो फोडला. अक्का नुसती उभी. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघायल्या, आता रडंल, मग रडंल. ती माझ्याकडं वळली नि म्हणाली, "शांतम्मा, पिल्लाला दूध घातलं का गं?"

झालं. गावाला तेवढंच पुरलं.

घरी आल्यावरबी तीच गत. उठायची, सडा घालायची, भाकरी टाकायची. सकाळी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घ्यायची, पाणी वाहायची, नि पूजा झाली तरी हात तसाच धरून बसायची. कुणी काई विचारलं तर हं म्हणायची. तिच्या माहेराहून भागम्मा मावशी आली, गळ्यात पडून रडली, तर हिनं तिची पाठ थोपटली नि चहा ठिवायला उठली. मला सांत्वनाला आलेल्या बायकांचा राग यायचा, तिचा त्याहून जास्त यायचा. अगं बाई, एकदा रड न, म्हंजे आमीबी मोकळ्या होऊ, असं वाटायचं. माझे भावजी होते ते, मला लेकीवानी वागवलं होतं. पण जिचा माणूस गेला ती कोरडी बसलेली असताना मी कुठल्या तोंडानं रडू?

आणि त्यात ते मेलं पिल्लू. घरभर मुतायचं. आमची जमीन शेणानं सारवलेली, आत माजघर तसंच, बाहेर अंगण तसंच. त्याला आत काय नि बाहेर काय, सगळं एकच. आमचे हे, शिवलिंगअप्पा, लय कडक. सोवळ्यानं पूजेला बसायचे. एक दिवस डोळे मिटून बसले असताना पिल्लानं त्यांच्या पाटाखाली ओहोळ सोडला. हे उठले ते थेट दोरी घेऊनच. अक्कानं पिल्लू उचललं नि परसात नेऊन बसली. 

त्या दिवशी ह्यांनी निकाल सांगून टाकला. पावसाळा सरला, माती बसली की भावजींच्या समाधीवर दगडी चौथरा बांधायचा होता. त्या दिवशी स्वामी घरी येणार, माजघरात त्यांची पाद्यपूजा होणार. तवर पिल्लू शिकलं तर ऱ्हाईल. न्हाई शिकलं, घरात किंवा पूजेत काई घाण केली, तर गाडीत घालून गंगेपल्याड सोडायचं. आमी गोदावरीला गंगाच म्हणतो. पल्याड सोडलेलं कुत्रं माघारी येत न्हाई.

अक्का हं म्हणाली. पण मी तिचा हात बघत होते. पिल्लाच्या मानेवरचा तिचा हात घट्ट झाला होता. तेव्हा मला कळलं, हे मेलं गेलं तर हिच्यातलं उरलंसुरलंबी जाईल.

मग ती त्याच्या मागं लागली. लोक पिल्लाचं नाक त्याच्याच मुतात घासतात, तिनं तसलं काई केलं न्हाई. पिल्लानं दूध-भाकरी खाल्ली की उचलायची, झोपून उठलं की उचलायची, आणि परसात गोठ्याच्या वळचणीखाली नेऊन ठिवायची. "हितं," म्हणायची. बस, एवढंच. पाऊस लागला तर पोत्याची खोळ पांघरून बसायची, पिल्लू बेडकांमागं पळायचं, ही जागची हलायची न्हाई. त्यानं केलं की उचलून आत. दिवसभरात तिच्या तोंडून तेवढा एकच शब्द निघायचा. मी म्हणायचे, अगं कुत्र्याला बोलतीस, माझ्याशी बोलायला काय झालं? ती हं म्हणायची.

राखेची गंमत मला आधी कळली, तिला न्हाई. पिल्लानं घरात ओलं केलं की मी वर चुलीतली राख टाकायचे. राख ओल पिते, मग झाडून घ्यायची, वर सारवायचं. सगळ्या घरी असंच करतात. पण त्या मेल्याच्या डोक्यात काय बसलं, तर राख दिसली की तितं करायचं. चुलीपाशी सांडलेली चिमूटभर राख हुंगून तितंच बसायलं. मी अक्काला म्हटलं, अगं त्याला राख कळती. ती पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघायली. दुसऱ्या दिवशी तिनं चुलीतली सगळी राख सुपात भरली, वळचणीखाली पसरली, पिल्लाला वर ठिवलं. "हितं." पिल्लानं हुंगलं, गोल फिरलं, बसलं.

घरातली राख आमी डोळ्यात तेल घालून झाडायचो. वळचणीला रोज ताजी टाकायची. पोळ्यापतुर पिल्लू आपलंआपण दाराशी जाऊन कुईकुई करायलं. दार उघडलं की पळत राखेवर. आमचे हे बघायचे, नि दोरी खुंटीलाच ऱ्हायली. मला तर त्या पिल्लाचं कौतुक वाटायलं. अक्काला काय वाटायचं ते तिला माहीत. चेहऱ्यावर काई न्हवतं. कुत्रं शिकलं अक्का, म्हटलं, तर हं.

अश्विनात चौथऱ्याचं काम झालं. त्या दिवशी स्वामी आले. माजघरात पाट मांडला, पाय धुतले, मंत्र सुरू झाले. पिल्लू उंबऱ्याशी पडून होतं. मधीच उठलं, आमी सगळ्यांनी तिकडं माना वळवल्या. ते परसदारी गेलं, राखेवर बसलं, माघारी येऊन पुन्हा उंबऱ्याशी पडलं. ह्यांनी स्वामींच्या मागून अक्काकडं बघितलं नि मान हलवली. ऱ्हाऊ दे, असा त्याचा अर्थ. मी खुशीनं पुरणाचं बोट पिल्लाच्या तोंडाला लावलं.

मग आमी शेतात गेलो. पिल्लू मागनं आलंच. त्याला बांधून ठिवावं असं कुणाच्या ध्यानातबी आलं न्हाई, शिकलेलं होतं न ते! चौथरा चांगला झाला होता, काळ्या दगडाचा. ह्यांनी विभूतीचे गोळे फोडून दगडावर हातानं सारखे पसरले, पांढरंशुभ्र. मधी बेल. स्वामींनी मंत्र धरला. आमी हात जोडले.

विभूती म्हंजे शेण जाळून केलेली राखच की. पण आमच्या मनात ते कधी येत न्हाई. आमी ती कपाळाला लावतो, लेकरू जन्मलं की लावतो, मेलं की संगं देतो. चुलीतली राख ती राख, विभूती ती विभूती. कुत्र्याच्या नाकाला हे कुणी सांगावं?

पिल्लू पुढं झालं. चौथऱ्यावर उडी मारली, विभूती हुंगली, गोल फिरलं.  ते विभूतीत बसलं, नि अक्काकडं मान वळवून बघायलं. तिच्या शब्दाची वाट बघायलं होतं, रोजच्यासारखी.

ह्यांनी शेजारची काठी उचलली. "आत्ताच्या आत्ता गंगेपल्याड," म्हणाले.  त्यांचा भाऊ होता तितं, त्यांचंबी चुकलं असं मी म्हणणार न्हाई.

अक्का धावली. धावताना मी तिला कित्येक महिन्यांत बघितली न्हवती. पिल्लू आता चांगलं जड झालं होतं, तिनं ते दोन्ही हातांनी छातीशी उचललं, नि त्याचं मूत तिच्या लुगड्यावरनं खाली ओघळलं. काठी वरच होती. तिनं काठीकडं बघितलंसुद्धा न्हाई. पिल्लाचं तोंड आपल्याकडं वळवलं नि म्हणाली, "हितं न्हाई. हितं ते बसलेत."

समजावून सांगावं तशी म्हणाली, हळू. मग चौथऱ्याकडं बघितलं, जसं काई आत्ताच बांधलेला दिसला. पुन्हा म्हणाली, "ते बसलेत हितं." ह्या खेपेला पिल्लाला न्हाई. कुणाला ते मला सांगता येत न्हाई.

नि खाली बसली. पिल्लू मांडीवर, लुगडं ओलं, आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की स्वामींचा मंत्र थांबला. मी तिला धरलं नि मग मीबी सुटले. भावजींसाठी त्या दिवशी रडले मी, तवर न्हाई. पिल्लू बिचारं दोघींची तोंडं चाटायलं.

स्वामींनी तांब्यातलं पाणी दगडावर घातलं, हातानं पुसलं, नवी विभूती मागितली.  काठी ह्यांच्या हातातून कधी खाली गेली, मी बघितलं न्हाई.

घरी येताना अक्का नि पिल्लू मागं, मी मधी, हे पुढं. वेशीपाशी हे थांबले. पिल्लाकडं न बघता म्हणाले, "वहिनी, राखेवर नका शिकवू. वाळूवर शिकवा."

दुसऱ्या दिवशी गाडी गंगेवर गेली ती मोकळीच. येताना वाळू भरून आली. ह्यांनी स्वतः वळचणीखाली फावड्यानं ओढली, रोजची राख उकिरड्यावर टाकली. मग अक्का पिल्लाला घेऊन आली, वाळूवर ठिवलं, नि समोर बसली. पिल्लाला काई कळंना. ते उकिरड्याकडं राख शोधायला निघालं, तिनं उचलून आणलं. पुन्हा निघालं, पुन्हा आणलं. मी चुलीपाशी होते, तितं मला ऐकू यायचं, ती त्याला सांगायली होती. राख कुठं घालतात, विभूती कशाला, त्याला मिठाच्या पोत्यात घालून कोण घेऊन आलं, सगळं. भाकरी करपली माझी, तरी मी उठले न्हाई.