बिनकामाची चक्कर

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं यवतमाळहून उमरखेडकडे सायकलनं गेलो. एसटी होती, ती बऱ्यापैकी वेळेवर सुटतही होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आजही ही गोष्ट ऐकली की समोरचा हळहळतो, "अरेरे, किती हाल काढले तुम्ही!" हाल कसले? आम्ही फिरायला गेलो होतो. एवढं साधं वाक्य लोकांच्या गळी उतरत नाही याचा मला तेव्हाही राग यायचा, अजूनही येतो.

कल्पना यांची. हे यवतमाळला शाळेत मास्तर होते. शाळेच्या कपाटात यांना एक जुनं विलायती मासिक सापडलं आणि त्यातलं एक चित्र दाखवायला ते घरी घेऊन आले. फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्याचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि एक बाई न् एक बुवा आपापल्या सायकलीवर रमतगमत चाललेले. बाईच्या सायकलीला टोपली, टोपलीत पाव.

"हे कुठं चालले?" मी विचारलं.

"कुठीच नाही. सुट्टी हाये म्हणून फिरून राह्यले."

मी ते चित्र बराच वेळ पाहत बसले. आमच्या घराण्यात कामाशिवाय कुणी रस्त्याला लागलंच नव्हतं. माझे सासरे गावकीचे चाकर होते. कुणाकडे मयत झालं की कोसाकोसांवरच्या सोयऱ्यांना निरोप द्यायला त्यांनी धावायचं, साहेब गावात आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं. मुलखातल्या सगळ्या वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या, पण स्वतःच्या मनानं ते एकाही वाटेनं गेले नाहीत. मी म्हटलं, "झाडं तं आपल्या रस्त्यालेही हायेत." झालं, तिथंच ठरलं.

सासूबाई उमरखेडच्या अलीकडच्या एका गावात एकट्या राहायच्या. मी अजून सासरचा उंबरा ओलांडला नव्हता. त्यांनी कुणाकरवी तरी निरोप धाडला, "सुनेले घेऊन ये, पण यष्टीनं ये. सायकल आणू नोको." कारण मला माहीत होतं. गावात शिरताना एक लिंबाचं झाड लागायचं आणि त्याच्या पुढेच पाटलाचा ओटा. त्या ओट्यासमोरून आमच्या माणसानं सायकलवर बसून जायचं नाही. लिंबाखाली उतरायचं, सायकल हातात धरायची, मान खाली घालून चालत जायचं. आम्ही बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती, कायदा आमच्या बाजूनं होता, पण लिंबाचं झाड जिथल्या तिथं होतं. सासूबाई त्याच पाटलाच्या शेतात कापूस वेचायला जायच्या. सायकल दामटली तर त्यांची वेचणी बंद होणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. यवतमाळला आमच्याकडे येऊन राहा म्हणून यांनी त्यांच्या किती विनवण्या केल्या, पण त्या ऐकायच्या नाहीत.

"या खेपेले म्या उतरत नाही," हे मला म्हणाले.

मी सायकलीचाच हट्ट धरला. सासूबाईंच्या पोटावर पाय येईल याची धास्ती मला होती. पण पहिल्यांदा सासरी शिरायचं आणि तेही मान खाली घालून, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

एसटी सकाळी सुटून जो रस्ता उरकून टाकायची त्या रस्त्यानं आम्ही मध्ये मुक्काम करत करत गेलो. मी मुद्दाम नऊवारी लुगडं कासोटा मारून नेसले होते. मास्तरीणबाई असं लुगडं नेसून सायकलवर, म्हणून गल्लीतल्या बायका हसल्या. हसू देत. तूर पिवळी झाली होती, कापूस फुटला होता, रानात बायका वेचत होत्या. आम्ही वाटेल तिथं थांबायचो. विहीर दिसली की पाणी, बोर दिसली की बोरं शोधायची, कच्ची असली तरी खायची. आणि जो भेटेल तो विचारायचा, "कुठं निघाले? काय काम काढलं?"

"काई काम नाही. फिराले निघालो."

माणूस आम्हाला आपादमस्तक न्याहाळायचा. कुणाला वाटलं मास्तराची बदली झाली, कुणाला वाटलं माणूस गेलंय आणि आम्ही सांगत नाही. आर्णीला चहाच्या दुकानातल्या एकानं तर, "घरून पळून आले काय?" असंच विचारलं. एका तांड्यावरची म्हातारी मात्र वेगळी. तिच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या बैलांवरून माल वाहिलेला. तिनं विचारलं, "माल कोणता?" यांनी माझ्याकडे बोट केलं. म्हातारी एवढी हसली की तिच्या हातातल्या बांगड्या खळखळल्या. तिनं आम्हाला ताक पाजलं.

आर्णीच्या पुढे रस्ता मोकळा होता. लहानपणी बाबा कामाला होते त्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात मी कैची सायकल चालवायला शिकले होते, म्हणजे दांडीच्या खालून पाय घालून, वाकडी होऊन. इथं मी यांना म्हटलं, मला सीटवर बसायचंय. हे मागून धरून पळाले. मी तुरीत पडले, काट्यात पडले, एकदा एका बैलाच्या पुढ्यात पडले. दुसऱ्या दिवशी कासोटा दांडीवरून सरळ पलीकडे गेला आणि सायकल चालायला लागली. फक्त उतरता येईना. थांबायचं झालं की मी ओरडायची आणि हे धावत येऊन सायकल धरायचे.

गावाजवळ आलो तेव्हा दुपार कलली होती. हे चालवत होते, मी मागे कॅरिअरवर. लिंब दिसला तसा यांनी पायडलवर जोर दिला. झाडाखाली आलो आणि सायकल थांबली. मला वाटलं चेन पडली. पाहते तर हे खाली उतरलेले, दोन्ही हातांत हॅन्डल, मान खाली.

"काय झालं?"

यांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्या नाही उतरलो," हे म्हणाले. "पाय उतरले."

कळते झाल्यापासून ते तिथं उतरत आले होते. पायांनी त्यांना विचारलंसुद्धा नाही. मला असा संताप आला! यांचा नाही. त्या झाडाचा, त्या ओट्याचा, माझ्या नवऱ्याचे पाय त्याला न विचारता परस्पर वापरणाऱ्या त्या सगळ्या गावाचा.

"सरका," मी म्हटलं. कासोटा घट्ट केला, लिंबाच्या पारावर पाय देऊन सीटवर चढले आणि निघाले.

पाटील ओट्यावर सुपारी कातरत बसले होते, आजूबाजूला दोघंतिघं. सायकल डावी-उजवी डुलत होती. मी घंटी वाजवली, अगदी उगीचच.

"कोण व्हय ते? ए बाई, उतर खाली!"

मला उतरताच येत नव्हतं. उतरता येत असतं तरी उतरले नसते, हेही इथं लिहून ठेवते. मी परत घंटी वाजवली. माझ्या मागून हे चालत येत होते, आणि त्यांची मान वर होती. पाटलांचा आवाज माझ्या पाठीवर आला, "मास्तर, उद्यापासून तुह्या मायले वेचाले धाडू नोको."

"नाही धाडत," हे म्हणाले.

मी सरळ जाऊन सासूबाईंच्या घराच्या तुराट्यांच्या कुडावर आदळले. सासरी माझा गृहप्रवेश असा झाला.

बातमी माझ्या आधी सासूबाईंकडे पोचली होती. त्या संध्याकाळी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढताना एवढंच म्हणाल्या, "यष्टीनं या म्हटलं होतं ना." मी मान खाली घालून जेवले. ओट्यासमोर न झुकलेली मान त्या चुलीसमोर आपसूक झुकली. जेवण झाल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, आमच्यासंग यवतमाळले चाला."

"काहून? हे घर मायं हाये. वेचणी काय त्याच्याच वावरात असते? तांड्यावरल्या वावरात जाईन." मग यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू कसा काय उतरला रे?" यांनी खरं ते सांगितलं. त्या भांडी घासायला उठल्या.

सकाळी आम्ही निघालो. सासूबाई धुतलेलं लुगडं नेसून अंगणात उभ्या होत्या. मला वाटलं रस्त्यापर्यंत पोचवायला येतायत. त्यांनी कॅरिअरवर हात ठेवला.

"मले बसव."

हे हॅन्डल धरायला पुढे झाले. "तू नोको, बाबू," त्या म्हणाल्या. "तुहे पाय उतरतेत. पोरीले चालवू दे. तू पुढं जाऊन लिंबाखाली उभा राह्य, तिले थांबता येत नाही म्हणे."

एवढंसं वजन होतं त्यांचं. कॅरिअरवर बसून त्यांनी माझी कंबर दोन्ही हातांनी आवळली. ओट्यावर पाटील होतेच.

"कुठं निघाली व बुढे? यष्टीले?"

आयुष्यभर त्या ओट्यासमोर त्यांनी चप्पल हातात घेतली होती. आता माझ्या पाठीमागून त्यांचा आवाज आला, वस्तीपर्यंत ऐकू जाईल एवढा.

"नाही. कुठीच नाही. फिरून राह्यली."

लिंबाखाली हे हात पुढे करून उभे होते. त्यांनी सायकल धरली. मी कसेबसे पाय टेकले. सासूबाई उतरल्या नाहीत.

"आई, उतर. झाड आलं," हे म्हणाले.

"दिसते मले," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "वळव पोरी. आनखी एक चक्कर मार."