भाताची पेटी

तुम्ही पत्रात विचारलंत, घरातलं इंधन कमी कसं करायचं. म्हणून आमच्या भाताच्या पेटीबद्दल लिहिते.

सत्तरच्या दशकात सोलापुरात रॉकेल मिळेनासं झालं. तुमचे आजोबा तोवर गेले होते. घरात मी आणि तुमचे बाबा. शाळेच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात वाचून मी चहाच्या रिकाम्या लाकडी खोक्याची पेटी केली. शेजारच्या अक्का घरीच मागावर चादरी विणायच्या. त्यांनी टाकाऊ सूत दिलं. ते चारी बाजूंनी दाबून भरलं आणि मध्ये पातेल्यापुरती जागा ठेवली. सकाळी भाताला स्टोव्हवर चांगली उकळी आणायची, पातेलं झाकून पेटीत ठेवायचं, वर जुनी चादर, मग पेटीचं झाकण. मी शाळेत शिकवून येईपर्यंत भात तयार.

“भाताला चादर? थंडी वाजती व्हय त्याला, बाई?” अक्का हसल्या. बाहेर एप्रिलचं ऊन होतं.

जूनमध्ये तुमचे बाबा शिकायला पुण्याला गेले. मी एकटीपुरते तांदूळ घेतले. दुपारी पेटी उघडली तर भात कोमट आणि कच्चा. झाकणाला फट असेल म्हणून आणखी सूत कोंबलं. मग लहान पातेलं घेतलं, भोवती चिंध्या भरल्या. तरी तेच. रोज तो भात पुन्हा स्टोव्हवर चढवायचा; वाचवलेलं रॉकेल तिथेच जळायचं.

अक्कांनी पाहिलं. “एवढुशा भातात ऊब कुठली राहती? माझे तांदूळ टाका की त्यात.”

“नको, बघते मी.”

कुणावाचून अडू नये, घर आपलं आपण चालवावं, याचा मला फार अभिमान होता.

पुढच्या रविवारी सवयीने दोघांचे तांदूळ धुतले गेले. त्या दिवशी भात सुरेख शिजला. मी निम्मा खाल्ला आणि उरलेल्याकडे बघत बसले.

सोमवारी सकाळी पातेलं घेऊन अक्कांच्या दारात उभी राहिले. त्यांनी माग थांबवला आणि आपले तांदूळ आणून त्यात ओतले.

“आठ दिवस लागले की तुमाला,” एवढंच म्हणाल्या.

मग रोज दुपारी त्या त्यांचा भात घेऊन जायच्या. मागाचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. मी माझं ताट घेऊन बसायच्या आधी रिकाम्या पेटीत हात घालून पाहायची. सूत अजून गरम असायचं.