भटूचं लाल नळकांडं

सुरतेजवळच्या सचिन गावच्या जीआयडीसीबाहेर, म्हणजे औद्योगिक वसाहतीबाहेर, आम्हा पिकअपवाल्यांचा स्टँड आहे. नंबर लागेपर्यंत गाड्या रिकाम्याच उभ्या, पण किस्स्यांचा माल सकाळपासून भरत असतो. गेल्या वर्षातले निम्मे किस्से एकाच वस्तूचे आहेत: कोल्ड एअर इनटेक! आणि त्यातल्या बहुतेकांत मी जळतोय. लपवत नाही.

*

सुरुवात भटूने केली. भटू माझ्याच गावचा, नंदुरबारकडचा. दोघं एकाच वर्षी सुरतेला आलो, दोघांच्या गाड्याही एकाच मॉडेलच्या. एक दिवस त्याने बॉनेट उघडलं, तर कंपनीचा एअर फिल्टरचा काळा डबा गायब! त्या जागी लालभडक जाड नळकांडं आणि टोकाला शंकूसारखा फिल्टर.

"इंजिनाला बाहेरची थंड हवा मिळते. पॉवर वाढते!" असं म्हणून त्याने रेस दिली. आवाज असा घुमला की चहावाल्याचं दूध उतू गेलं.

स्टँडवरचे सगळ्यात वयस्क अण्णा म्हणाले, "इंजिनाला थंड हवा, आणि तू स्वतः घामाने निथळतोयस. फार सोसतोस रे गाडीसाठी!"

सगळे हसले. मीही हसलो, पण माझी नजर त्या लाल नळीवरून हटत नव्हती.

*

फिल्टरच्या खोक्यावर लिहिलं होतं, धुतल्यावर तेल लावा. भटू आधी पॉवरलूमवर कामाला होता. त्याच्या डोक्यात तेल म्हणजे लूमचं तेल! त्याने ते हात सैल सोडून चोपडलं आणि नेहमीसारखा माल भरायला लूमच्या शेडसमोर गाडी लावत राहिला.

दोन दिवसांनी बॉनेट उघडलं, तर आत पांढरं कोकरू बसलेलं! हवेत उडणारी सगळी रुई त्या तेलाला चिकटली होती.

"काढू नको," अण्णा म्हणाले. "थंडीपर्यंत स्वेटर होईल."

त्या दिवशी मी गाणं गुणगुणत घरी गेलो. खोटं कशाला बोलू? पण भटूने फिल्टर साफ केला, बरोबर तेल आणलं, आणि तिसऱ्या दिवशी तोच आवाज पुन्हा स्टँडभर घुमला.

*

भटूची गल्ली अरुंद, म्हणून तो गाडी आमच्या दारासमोर लावतो आणि चहा घेऊन मगच घरी जातो. हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. एका संध्याकाळी मी घरीच होतो. बाहेर ती घरघर ऐकू आली आणि माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "भटूभाऊ उनात! वाघसारखी येस त्यास्नी गाडी!"

उनात म्हणजे आले. घरात आमची अहिराणीच चालते.

"आणि माझी?" मी विचारलं.

"तुम्हनी? खोकत येस."

त्या दिवशी चहा गोड लागला नाही. माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या तोंडून भटूची गाडी वाघ! मला तो आवाज हवाच होता.

*

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता कामरेजला, हायवेवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने तीन प्रकार मांडले. उघडा फिल्टर: आवाज दणदणीत, पण बॉनेटखालची गरम हवाच ओढणार. बंपरपर्यंत जाणारी लांब नळी: हवा थंड, पण खाडीचं पाणी रस्त्यावर आलं की तेही ओढणार. तिसरा बंद डब्यातला, रुई आत न शिरणारा.

"मोटाभाई, सचिनमां चलावो छो ने?" तो म्हणाला. "तो डब्बावाळुं ज लो. रू नहीं भराय."

"आणि आवाज?"

"अवाज ओछो." म्हणजे कमी.

"मग उघडाच द्या. लाल."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "भाई, तमने हवा जोईए छे के अवाज?"

हवा पाहिजे की आवाज? मी लाल नळीवर बोट ठेवलं.

*

दुपारीच फिटिंग झालं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मुद्दाम रेस दिली. काय घुमली! पानटपरीवरचे चौघं एकदम वळले. छाती फुगवून गाडी दारासमोर लावली, इंजिन बंद केलं आणि उतरणार, इतक्यात स्वयंपाकघरातून सुनंदाची हाक आली.

"या भटूभाऊ, बठा! आमना घरना अजून उनात नहीत."

मी स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिलो. आत भांडी घासता घासता ती पुढे बोलतच होती.

"आनि भटूभाऊ, आमना यास्ले ते नळकांडं घेवाले लावू नका हां! त्यास्नी गाडी खोकत उनी, का लगेच मी चहा ठेवस."